जठराचा लगाम आतड्याच्या हाती

इसवणाचे तुकडे तव्यावर पडले की वासानेच तोंडाला पाणी सुटते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. त्याच क्षणी जठरातही आम्ल पाझरू लागते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. हे काम मज्जातंतूंचे. नाकाकडून मेंदूला खबर जाते आणि मेंदूकडून व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूवाटे जठराला हुकूम सुटतो. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पदेराचा भोंपू ऐकून भूक चाळवते तीही याच वाटेने. पचनावरच्या अशा संशोधनासाठी रशियाच्या इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पचनाचा सगळा कारभार मज्जातंतूच पाहतात, असे पावलॉव्ह यांचे म्हणणे होते. त्याला धक्का बसला तो १९०२ साली, लंडनमध्ये. विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे नात्याने मेहुणे. त्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले आणि त्यात सौम्य आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला! मग निरोप पोचवला कुणी? त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात वाटले, गाळले आणि ते पाणी शिरेत टोचले. स्वादुपिंड पुन्हा पाझरले. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हे नाव पुढे आणले. आज हार्मोन म्हटले की आपल्याला थायरॉइड नाहीतर मधुमेह आठवतो. पण या शब्दाचा जन्म आतड्यापायी झाला.

लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ग्रहणी, जेमतेम वीतभर लांबीचा. पण जठराने किती आणि केव्हा पुढे सोडायचे, हे बरेचसे तोच ठरवतो. आम्ल आले की तो सिक्रेटिन सोडतो. त्यामुळे स्वादुपिंडातून आम्ल मारणारा क्षारयुक्त रस येतो. स्निग्ध पदार्थ किंवा प्रथिने आली की कोलेसिस्टोकायनिन सुटते. ते पित्ताशय आवळून पित्त बाहेर काढते, स्वादुपिंडाकडून पाचक विकरे मागवते आणि जठराला सांगते, जरा दमाने घे. म्हणूनच उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतात गेलेल्या माणसाला थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते, आणि वाटपात सढळ हाताने खोबरे घातलेली रविवारची शागोती संध्याकाळपर्यंत पोटात बसून राहते. त्याचा दोष मसाल्याला देण्याची आपली रीत. खरा अडवणारा असतो तो स्निग्धांश.

मज्जातंतू मात्र यात हरले असे नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतीत १० कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे आहे आणि ते मेंदूला न विचारताही चालते. घास जिथे असेल त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैलावतो. बाहेरचे मज्जातंतू तोडले तरी हे थांबत नाही. हेसुद्धा याच दोघा मेहुण्यांनी १८९९ मध्ये दाखवले होते. उपाशीपोटी साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून एक जोरकस लाट निघते आणि आतड्यातले उरलेसुरले पुढे ढकलते. एकादशीला पोट गुरगुरते त्यात या लाटेचा वाटा असतो. तिला चालना देणारे मोटिलिन हे पुन्हा हार्मोनच. व्हेगसमधले बहुतेक तंतू तर हुकूम खाली आणत नाहीत, पोटाची खबर वर नेतात.

अलीकडे मधुमेह आणि वजनासाठी जिचा बोलबाला झाला ती सेमाग्लुटाइडची सुई याच यंत्रणेवर बेतलेली आहे. जेवणानंतर आतडे जीएलपी-१ नावाचे हार्मोन सोडते. ते इन्सुलिन वाढवते, जठर मंदावते, भूक शमवते. पण दोनेक मिनिटांतच त्यातले निम्मे मोडून जाते. औषधातला त्याचा बदललेला अवतार निम्मा व्हायला मात्र सुमारे आठवडा लागतो, म्हणून सुई आठवड्यातून एकदाच. ती घेणाऱ्या अनेकांना सुरुवातीला मळमळते, दोन घासांत पोट भरल्यासारखे होते.