अत्याचारांचे ठराव : कबुली कुणाची, निषेध कुणाचा

रंगो बापूजींच्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या कटाच्या खटल्यात ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड देण्यात आला, त्यांतील काहींना तर तोफेच्या तोंडी. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात दोघे. त्यांची स्मारके आपण उभारली. परंतु अशा कृत्यांची कबुली ती करणाऱ्या सत्तेच्या वारसांनी द्यावी का आणि तिऱ्हाईत देशांनी त्यावर ठराव करावेत का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते सहसा एकत्र कालवले जातात.

तिऱ्हाईतांच्या ठरावांचे ठळक उदाहरण आर्मेनियन नरसंहाराचे, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्याने (आजच्या तुर्कस्तानच्या पूर्वसत्तेने) केलेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचे. १९६५ मध्ये उरुग्वेने तिला नरसंहार म्हणून मान्यता दिली, २००१ मध्ये फ्रान्सने कायदाच केला. अमेरिकेत मात्र तुर्कस्तान नाटो या लष्करी आघाडीतील मित्र असल्याने हा विषय वर्षानुवर्षे अडवला गेला आणि सीरियातील तुर्की लष्करी कारवाईने संबंध बिघडताच, २९ ऑक्टोबर २०१९ रोजी, प्रतिनिधिगृहाने तसा ठराव ४०५ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. पुरावे तेच होते, गरज बदलली होती. जर्मन संसदेचा २०१६ चा ठराव याहून वजनदार मानावा लागतो, कारण पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्याचा मित्र असलेल्या जर्मन साम्राज्याचा दोषही त्यात मान्य केला होता.

आपली भूमिकाही सोयीनुसार बदलते. जालियनवाला बागेबद्दल ब्रिटनने माफी मागावी यासाठी पंजाब विधानसभेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एकमताने ठराव केला. एप्रिलमध्ये तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी खेद व्यक्त केला, माफी नव्हे. त्याआधी २०१७ मध्ये कॅनडातील ओंटारिओच्या विधिमंडळाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराला नरसंहार म्हटले, तेव्हा भारत सरकारने तो ठराव साफ फेटाळला.

ज्यांनी केले त्यांनीच कबूल केले, तेव्हा शब्दांसोबत काही पदरात पडल्याचेही दिसते. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या हयात अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने माफीसह प्रत्येकी २०,००० डॉलर मिळाले. केनियातील ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावात छळ सोसलेल्यांना ब्रिटनने २०१३ मध्ये भरपाई दिली, पण ती वृद्ध पीडितांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावल्यानंतर. गेंडामाळाच्या बाबतीत असा दावा लावणारे कुणी हयात नाही. तेथे ठराव एवढाच मार्ग उरतो, आणि तो लंडनमध्ये झाला तरच त्याला कबुली म्हणता येईल.