सॅडलचा ब्रिज: निवड आणि तपासणी

झाडावर चढून फांद्या छाटणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सॅडल म्हणजे झाडावर चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा. त्याच्या पुढच्या दोन कड्यांमध्ये जेमतेम हातभर दोर असतो, तो ब्रिज. त्यावर एक रिंग सरकते आणि रिंगला तुमचा चढाईचा दोर जोडलेला असतो. म्हणजे जमीन सोडल्यापासून तुमचा सगळा भार त्या हातभर दोरावर. तुम्ही डावी-उजवीकडे वळलात की रिंग त्यावर घासते, म्हणून सॅडल धड असले तरी ब्रिज आधी झिजतो. तो वेळोवेळी बदलायचाच भाग आहे.

निवडताना आधी सॅडलची पुस्तिका उघडा. कोणता दोर, किती जाडीचा आणि टोकाला गाठ की शिवलेला डोळा (टोक दुमडून शिवलेला फास), हे उत्पादक ठरवतो. बोहरी आळीतला दोर सामान बांधायला उत्तम, पण ब्रिजला तो कितीही जाड असला तरी चालणार नाही. लांबीचा विचार तुमच्या कामाप्रमाणे करा. वर्षावृक्षासारख्या पसरट झाडावर आडव्या फांदीवर जायचे तर लांब ब्रिजवर अंग सहज वळते. मात्र तो फार लांब झाला तर रिंग वर जाते आणि चढाईची गाठ, म्हणजे चढाईच्या दोरावर हाताने सरकवायची गाठ, हाताच्या टप्प्याबाहेर राहते. दुकानात सॅडल घालून, लटकून पाहिल्याशिवाय लांबी ठरवू नका.

तपासणी रोज सकाळी, चढण्याआधी, चांगल्या उजेडात. रिंग बाजूला सरकवा आणि दोर बोटांनी इंचाइंचाने चाचपा. ठिकठिकाणी वाकवून बघा: वळण गोलसर यायला हवे. एखाद्या जागी दोर चपटा होऊन मोडल्यासारखा दुमडला, मऊ किंवा पोकळ लागला, तर आतला गाभा गेला आहे. चकचकीत, कडक डाग म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने धागे वितळलेत. खरा धोका लपतो तो टोकांना, कड्यातून दोर जातो तिथे. गाठ असेल तर तिच्याखालचा भाग सैल करून पाहा, शिवण असेल तर प्रत्येक टाका पाहा. रिंगवर खाच किंवा धार आली असेल तर नवा ब्रिजही ती कापत जाईल, तेव्हा रिंगही बदला.

करवतीचा ओझरता घाव लागला, तर “वरवरचा आहे” म्हणून पुढे काम करू नका. करवतीचे दात आवरणाखालचे धागेही कापतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

वडा-उंबराचा चीक आणि पावसाळ्यातला चिखल कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा, वाळवायचे सावलीत.

नवा ब्रिज लावल्यावर गाठ घट्ट बसेपर्यंत जमिनीलगत लटकून भार द्या. सॅडलच्या नोंदवहीत तारीख लिहा. बाद केलेल्या ब्रिजचे लगेच तुकडे करा, नाहीतर घाईच्या दिवशी कोणीतरी तोच उचलून लावतो. शंका असेल तर सॅडलसकट दुकानात या. ब्रिज आम्ही तुमच्यासमोर वाकवून पाहू. त्याचे पैसे घेत नाही.