मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की मूळ संख्याच येते का?

‘पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात १ मिळवा, नवी मूळ संख्या तयार!’ हे सूत्र वर्षानुवर्षे फिरते आहे, तेही प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या नावावर. ते चुकीचे आहे.

फसगत होणे साहजिक आहे, कारण सुरुवातीची उदाहरणे साथ देतात: ३, ७, ३१, २११, २३११, सगळ्या मूळ. बहुतेक जण इथेच थांबतात. पुढची पायरी मात्र करून पाहायलाच हवी.

२×३×५×७×११×१३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९×५०९.

त्यापुढची ५१०५११ हीसुद्धा १९×९७×२७७ अशी फुटते.

मग युक्लिडने इ.स.पू. ३००च्या सुमारास सिद्ध केले ते काय? ३००३१ला २ ते १३ मधल्या कोणत्याही मूळ संख्येने भागा, बाकी १ उरते. म्हणजे तिचा प्रत्येक मूळ विभाजक यादीबाहेरचाच असणार. संख्या स्वतः मूळ असेल तर तीच नवी. नसेल तर तिचे मूळ विभाजक नवे, जसे इथे ५९ आणि ५०९. त्यामुळे मूळ संख्यांची कोणतीही मर्यादित यादी अपुरीच पडते. सिद्धता एवढेच सांगते, आणि मला ती त्या चुकीच्या सूत्रापेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

यादी २ पासून सलग असण्याचीही गरज नाही. फक्त ३ आणि ५ घ्या: ३×५ + १ = १६. तिचा एकमेव मूळ विभाजक २, आणि तो यादीत नव्हता. म्हणजे सापडणारी नवी मूळ संख्या आधीच्यांपेक्षा मोठीच असेल, असेही नाही.