डेक हॅचची काच

शिडाच्या नौकेवर डेकखालच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळावा, अडचणीत माणसाला वर निसटता यावे म्हणून डेकमध्ये बसवलेल्या आडव्या झडपेला हॅच म्हणतात. तिची चौकट बहुधा ॲल्युमिनियमची आणि चौकटीतली पारदर्शक शीट प्लॅस्टिकची असते. पण बोलताना सगळे तिला काचच म्हणतात, आणि इथेही तसेच म्हटले आहे. ही काच नौकेइतकी टिकत नाही. ऊन, मीठ आणि पायाखालचे वजन सोसता सोसता तिच्यात बारीक जाळी पडते, कडेची फट बुजवणारे सीलंट सुटते आणि एका रात्री खालच्या बिछान्यावर पाणी ठिबकू लागते. चौकट धड असेल तर नुसती काच बदलून भागते. तेव्हा ती कशाची घ्यावी, हा प्रश्न पडतो. ओतीव ॲक्रिलिक, एक्स्ट्रुडेड ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही तीन प्लॅस्टिके आणि कडक केलेली खरी काच हे चार पर्याय असतात. बहुतेकांचा हात ‘फुटत नाही’ म्हणून पॉलिकार्बोनेटकडे जातो. हॅचपुरते बोलायचे तर ही निवड बहुधा चुकते.

लाकडी जहाजांच्या काळात डेकखाली दिवसाउजेडी दिसावे म्हणून जाड काचेचे लोलक फळ्यांत बसवत. वरची सपाट बाजू डेकच्या पातळीत, खाली निमुळते टोक. त्यामुळे उजेड एका ठिपक्यात न पडता खोलीभर पसरे आणि लाकडाच्या जहाजात दिवा पेटवण्याची जोखीम टळे. १८४१ साली अमेरिकेत न्यू बेडफर्डला बांधलेले ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे व्हेलच्या शिकारीचे जहाज आज मिस्टिकच्या संग्रहालयात उभे आहे. त्याच्या लोलकाच्या प्रतिकृती लोक आता टेबलावर कागद दाबायला ठेवतात.

प्लॅस्टिकची काच आली ती १९३० नंतर. जर्मनीत १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास या नावाने आणि ब्रिटनमध्ये पर्स्पेक्स या नावाने पॉलिमिथिल मेथाक्रिलेट, म्हणजेच ॲक्रिलिक, बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिककक्षाची छपरे त्याचीच असत. त्यांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळा फारसा चिडत नाही, हे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने हेरले आणि १९४९ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्याच प्लॅस्टिकचे भिंग बसवले. हॅचच्या काचेचे आणि आजोबांच्या डोळ्यातल्या भिंगाचे नाते आहे ते असे. पॉलिकार्बोनेट त्यानंतरचे. १९५३ मध्ये जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी ते एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना तयार केले. मॅक्रोलॉन आणि लेक्सन ही नावे तिथून रूढ झाली.

घराच्या खिडकीची काच उभी असते आणि तिच्यावर कोणी उभे राहत नाही. हॅचची काच आडवी असते. दुपारचे ऊन तिच्यावर सरळ पडते, पावसाचे पाणी तिच्या कडेला साचून राहते आणि शीड आवरायला धावणारा माणूस, इच्छा नसली तरी, तिच्यावर पाय देतोच. काच मोडेल का, हा प्रश्न नंतरचा. ती किती वाकते, हे आधी पाहावे लागते. वाकली की कडेचे सीलंट ताणले जाते, शंभरदा ताणले गेले की सुटते, आणि काच शाबूत असूनही हॅच गळू लागते.

ॲक्रिलिकचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, सुमारे ३.२ गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचा सुमारे २.४. म्हणजे सारख्या जाडीची पॉलिकार्बोनेटची शीट तेवढ्याच वजनाखाली साधारण एक तृतीयांश जास्त वाकते. एवढ्यावर भागले असते तर तक्रार नव्हती. पण ‘फुटत नाही’ म्हटल्यावर माणूस १० मिमीच्या जागी ८ मिमीची शीट घेतो, पैसेही वाचतात. वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ८ मिमीची पॉलिकार्बोनेटची काच १० मिमीच्या ॲक्रिलिकच्या अडीच पटींहून जास्त वाकते. जुनी काच जेवढ्या जाडीची होती तेवढीच नवी घ्यावी, हा नियम इथून येतो. चौकटीची खोबणही तेवढ्याच जाडीसाठी केलेली असते. काच वर आली तर तिच्या कडेला दोर आणि पायाची बोटे अडकतात, खाली राहिली तर पाणी साचते.

आघात सोसण्यात मात्र पॉलिकार्बोनेटला तोड नाही. त्यावर हातोडा मारला तर खळगा पडतो, तुकडे होत नाहीत. वादळात खिडक्यांवर बाहेरून ठोकायच्या झाकणांसाठी आणि केबिनच्या दाराच्या फळ्यांसाठी ते उत्तमच. त्याचा उणेपणा पृष्ठभागात आहे. ते मऊ असल्याने वाळूच्या पायांनीही ओरखडते, आणि अतिनील किरणांनी पिवळे पडते. सोसायटीच्या पार्किंगवरचे पॉलिकार्बोनेटचे छप्पर काही उन्हाळ्यांनंतर कसे धुरकट दिसते ते आपण पाहिलेले असते. यावर उपाय म्हणून चांगल्या शीटवर किरण अडवणारा आणि ओरखडे थोपवणारा थर देतात. पण तो थर पृष्ठभागावरच असतो. कापलेली कड आणि पाडलेली भोके उघडीच राहतात, आणि ओरखडा पॉलिश करायला गेले की थरही निघून जातो. ॲक्रिलिकच्या काचेला ही सोय आहे: ६०० पासून १२०० पर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासायचे, मग पॉलिशची पेस्ट फिरवायची, की काच परत लख्ख होते. मुंबईच्या यॉट पावसाळ्यात किनाऱ्यावर काढून ठेवतात. या कामासाठी तेवढी सवड पुरते.

ॲक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत आणि गफलत बहुधा इथेच होते. ओतीव, म्हणजे दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून घट्ट केलेली शीट; आणि एक्स्ट्रुडेड, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक यंत्राच्या फटीतून सलग ओढून काढलेली. ओतीव शीटमधले रेणू जास्त लांब असतात, आतला ताण कमी असतो, आणि थिनर-स्पिरिटसारख्या द्रावकांसमोर ती अधिक टिकते. हॅचला तीच लागते. एक्स्ट्रुडेड स्वस्त असते आणि तिची जाडी सगळीकडे नेमकी सारखी येते, म्हणून दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांना ती आवडते. दुकानात नुसते ‘ॲक्रिलिक’ मागितले तर तीच हातात पडण्याचा संभव. ‘कास्ट’ असे स्पष्ट सांगावे. ओतीव शीट घेताना जाडी मोजायचा कॅलिपर बरोबर असावा, कारण १० मिमी म्हणून दिलेली शीट एका कोपऱ्यात ९ आणि दुसऱ्यात १०.५ भरू शकते. भोक पाडतानाही जात ओळखू येते: ओतीवमधून कोरडा भुसा आणि खपल्या पडतात, एक्स्ट्रुडेड वितळून ड्रिलला गुंडाळते.

निघालेली जुनी काच कशाची होती, हे तिच्या तुकड्याला मोकळ्या हवेत काडी लावून समजते. ॲक्रिलिक तडतडत, फारसा धूर न करता जळत राहते आणि गोडसर फळासारखा वास येतो. पॉलिकार्बोनेटमधून काजळीचे काळे धागे उडतात, ज्योत काढली की ते विझते आणि जुन्या लाल कार्बोलिक साबणाची आठवण देते.

काचेत दिसणारी जाळी म्हणजे केसासारख्या असंख्य बारीक भेगा. नुसत्या उन्हाने त्या पडत नाहीत. ताण आणि द्रावक एकत्र आले की पडतात. ताण येतो घट्ट आवळलेल्या स्क्रूने, बोथट करवतीने तापलेल्या कडेने, किंवा कड चमकावी म्हणून तिच्यावर फिरवलेल्या ज्योतीने. दिसायला अशी कड सुरेख, पण तिच्या पोटात ताण कोंडलेला असतो. म्हणून जाणकार कारागीर कड कानशीने आणि पॉलिश पेपरने घासतात, आणि शक्य असेल तर कापलेली शीट ८० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास शेकून हळूहळू निवू देतात. द्रावक येतो तो सफाईच्या बाटलीतून. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रव, स्पिरिट, थिनर, ॲसिटोन यांतले काहीही हॅचवर नको. साधे पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढेच पुरते.

उन्हाळ्यात धुरकट रंगाच्या काचेवर दुपारी हात टेकवत नाही. ५०० मिमी लांबीची ॲक्रिलिकची काच ४० अंशांनी तापली तर सुमारे १.४ मिमी वाढते. तिच्याभोवतीची ॲल्युमिनियमची चौकट जेमतेम अर्धा मिमी. पॉलिकार्बोनेटही जवळजवळ ॲक्रिलिकइतकेच वाढते, तेव्हा इथे साहित्य बदलून सुटका नाही. काच खोबणीत ठोकून बसवली तर तिला वाढायला जागाच उरत नाही. चारी बाजूंना दोन-तीन मिमीची फट ठेवून ती सीलंटने भरतात. काच स्क्रूने बसवायची असेल तर ५ मिमीच्या स्क्रूला ६.५ मिमीचे भोक हवे, आणि डोके सपाट तळाचे. शंकूच्या डोक्याचा स्क्रू पाचरीसारखा भोकात शिरतो आणि काच चिरतो.

सीलंटची निवडही काचेवरून ठरते. पॉलिसल्फाइड लाकडी डेकच्या सांध्यांत उत्तम, पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींना ते खाते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन ॲल्युमिनियमला गंजवते. हॅचसाठी वास न येणारे, म्हणजे न्यूट्रल, इमारतींच्या दर्शनी काचा चिकटवायला वापरतात त्या जातीचे सिलिकॉन चालते. पॉलियुरेथेनपैकी प्लॅस्टिकच्या काचेसाठी खास बनवलेलेच घ्यावे, आणि तेही प्रायमरसकट; पारदर्शक काचेतून पोहोचणारे ऊन त्याचा चिकटपणा मारते, म्हणून काचेच्या कडेला आतून काळा पट्टा देतात.

मोठ्या आधुनिक यॉटवर कडक केलेल्या, थरावर थर चिकटवलेल्या खऱ्या काचेच्या खिडक्या दिसतात. ती ओरखडत नाही, पिवळी पडत नाही आणि ॲक्रिलिकच्या वीसपट ताठ असते. मात्र वजन दुपटीहून जास्त, आणि एकदा कडक केल्यावर तिला ना कापता येते ना भोक पाडता येते. मापात दोन मिमीची चूक झाली तर नवी मागवावी लागते. छोट्या नौकेवर, तेही उंचावर, हे वजन सहसा कोणी पत्करत नाही. गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’सारख्या जगप्रदक्षिणा करणाऱ्या सुमारे १७ मीटरच्या नौकांचा प्रश्न वेगळा: दक्षिण महासागरात लाट अख्खी डेकवर कोसळते. हॅचची जागा, आकार आणि नौकेचा वर्ग यांवरून काचेची किमान जाडी कशी काढायची ते आयएसओ १२२१६ या मानकात दिले आहे. समुद्र ओलांडणाऱ्या नौकेची काच दुकानदाराच्या सल्ल्याने नव्हे, त्या गणिताने ठरवावी.

जुनी काच काढताना गिटारची पोलादी तार सीलंटमधून ओवून, दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधून, दोघांनी करवतीसारखी पुढेमागे ओढायची. काच अखंड निघाली तर तोच नव्या काचेचा साचा. कोपऱ्यांची गोलाई आणि हँडलची भोके तिच्यावरून उतरवता येतात. पण काढण्याआधी हॅच खरोखर कुठे गळते ते पाहावे. हँडलच्या दांड्याभोवतीची रबरी कडी झिजली की पाणी तिथून येते, आणि माणूस उगाच सगळी काच बदलून बसतो. झडपेच्या कडेच्या रबरी पट्टीला, म्हणजे गॅस्केटला, खडू चोळून हॅच बंद करावी आणि परत उघडावी: खडूची रेघ चौकटीवर जिथे तुटलेली दिसेल तिथे गॅस्केट टेकत नाही, आणि तो दोष काचेचा नव्हे.