वांग आणि मुरुमांचे डाग: ॲसिड कुणाला चालतं?

गेल्या उन्हाळ्यात माझी चेहऱ्याला लावायच्या ग्लायकॉलिक ॲसिडची बाटली मावशीने उचलून नेली. "तुझे डाग गेले ना, मग माझेही जातील," इतका साधा हिशोब. मे संपेपर्यंत तिचे गाल आधीपेक्षा गडद झाले. बाटलीत खोट नव्हती. माझे होते मुरुमांचे डाग आणि तिचं होतं वांग. आरशात दोन्ही तपकिरीच दिसतं, त्यामुळे ही गल्लत घरोघरी होते.

मुरुमाचा डाग कुठून आला ते आठवतं. तिथे पुटकुळी होती, ती आपणच फोडली होती. त्वचेला सूज आली की रंगपेशी जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, बनवतात. सूज उतरते, रंग मागे राहतो. डास चावून खाजवलं, वॅक्सिंग करताना भाजलं, तरी हेच. डाग सुटेसुटे असतात, जिथे इजा तिथेच. वांग मात्र नकाशासारखं पसरतं: दोन्ही गालांवर जवळपास सारखं, शिवाय कपाळावर, वरच्या ओठावर. तिथे काही लागल्याचं आठवत नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्याचा वारसा आणि ऊन, यांतून ते उगवतं. ("पोट साफ नसतं म्हणून वांग येतं" हे पुण्यात निदान तीन काकूंनी मला छातीठोकपणे सांगितलंय. त्याला आधार नाही.)

ॲसिड करतं एवढंच: वरच्या मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करतं. त्या लवकर गळतात आणि त्यांच्यात साठलेला रंगही जातो. तरुण त्वचेला नवा थर वर आणायला साधारण 4 आठवडे लागतात, म्हणून वरवरचा डाग फिका व्हायला दोन-तीन महिने धरायचे. मुरुमं अजून येतच असतील तर सॅलिसिलिक बरं, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रांत उतरतं. ग्लायकॉलिकचा रेणू लहान, ते चटकन आत शिरतं आणि झोंबतंही जास्त. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जळजळ म्हणजे नव्या डागाला आमंत्रण, त्यामुळे आठवड्यातून दोन रात्री पुरे. मॅन्डेलिक किंवा लॅक्टिक त्याहून सौम्य. राखाडी-निळसर डाग खोलवर असतो. तिथे घरचं ॲसिड पोचत नाही.

वांगात रंगपेशी सतत कामावर असतात. वरचा रंग उतरवला तरी खालून नवा येतोच; गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला चुना मारावा, तसं. त्यात जळजळ झाली तर त्या पेशी आणखी चेकाळतात. शिवाय ग्लायकॉलिकसारख्या ॲसिडमुळे त्वचा उन्हाला हळवी होते, आणि हा हळवेपणा वापर थांबवल्यावरही आठवडाभर टिकू शकतो. मावशी रोज भर दुपारी स्कूटरवरून कोथरूडहून स्वारगेटला जायची. तोंडाला अर्थातच पुणेरी स्कार्फ. पण पातळ सुती कापडातून ऊन आत येतंच, आणि वांगाला तर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही चिथावतो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी तिला आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन दिलं, सोबत ॲझेलेइक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी याचं मुख्य काम साल काढणं नव्हे, मेलॅनिन कमी बनू देणं. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोनही वांगावर चालतं, पण डॉक्टरांच्या नजरेखालीच. मेडिकलवाल्याकडून "गोरं करणारी" ट्यूब आणणं सगळ्यांत वाईट: अनेकींत स्टिरॉइड असतं, आठ दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ आणि लाल होते.

लिंबाचं तर विचारूच नका. रस चोळून उन्हात गेलं की त्यातल्या द्रव्यांवर ऊन पडून त्वचा पोळते आणि तिथे नवेच काळे ओघळ उमटतात.

मावशीचं वांग दिवाळीपर्यंत बरंच निवळलं. आता मार्च लागलाय, तर गालांवर पुन्हा हलकी छटा दिसते. वांगाचं असंच असतं. स्कार्फखाली सनस्क्रीन लावते आता ती, कुरकुरत. माझी बाटली परत मिळाली, निम्मी रिकामी.