तीस हंगाम सहाय्यक, तीन हंगाम मुख्य : बिल गथ्रिज यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी ९ ऑक्टोबर १९९७ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते आणि वरच्या श्रेणीतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तोवर कोणत्याही प्रशिक्षकाने इतके सामने जिंकलेले नव्हते. त्यांच्या जागी आलेले बिल गथ्रिज साठ वर्षांचे होते आणि त्यांपैकी तीस वर्षे त्यांनी याच संघाचे सहाय्यक प्रशिक्षक म्हणून काढली होती. अमेरिकेतील बास्केटबॉलवेड्या राज्यांबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. एवढा मोठा काळ एखादा कर्तबगार माणूस दुसऱ्या स्थानावर का राहतो, आणि राहिला तर त्याच्या कामाची नोंद कुठे होते, हे समजून घ्यायचे असेल तर त्या पदाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ ही अभ्यासक्रमाला जोडलेली हौस उरलेली नाही. मोठ्या विद्यापीठांचे बास्केटबॉल सामने हजारो प्रेक्षकांसमोर होतात, दूरचित्रवाणीवर देशभर दिसतात, आणि मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेतून मिळणाऱ्या उत्पन्नावर एनसीएए या नियामक संघटनेचा बहुतेक कारभार चालतो. संघाचा मुख्य प्रशिक्षक हा अनेकदा विद्यापीठातील सर्वांत परिचित चेहरा असतो. विजय आणि पराभव दोन्ही त्याच्याच नावावर लिहिले जातात. सहाय्यक प्रशिक्षकाच्या नावापुढे असा कोणताही आकडा लागत नाही, आणि त्याची नोकरी बहुधा मुख्य प्रशिक्षकाच्या नोकरीला बांधलेली असते. वरचा माणूस गेला की खालच्यांनाही सामान आवरावे लागते.

गथ्रिज यांचा जन्म २७ जुलै १९३७ रोजी कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी झाला. या राज्याचा बास्केटबॉलशी असलेला संबंध जुना आहे. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले, तेथे त्यांच्या संघातून खेळलेले फॉग ॲलन पुढे त्याच विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक झाले, आणि ॲलन यांच्या १९५२ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात डीन स्मिथ हे राखीव खेळाडू होते. गथ्रिज मात्र राज्यातील दुसऱ्या, म्हणजे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकले. तेथील प्रशिक्षक टेक्स विंटर हे आक्रमणातील ‘ट्रँगल’ पद्धतीसाठी ओळखले जात. विंटर यांच्या हाताखाली खेळताना १९५८ मध्ये गथ्रिज राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य टप्प्यापर्यंत, म्हणजे ज्याला तेथे ‘फायनल फोर’ म्हणतात तिथपर्यंत, पोहोचले. पदवीनंतर दोन वर्षे त्यांनी स्कॉट सिटी या छोट्या गावातील शाळेच्या संघाला शिकवले आणि १९६२ मध्ये ते विंटर यांचे सहाय्यक म्हणून आपल्याच विद्यापीठात परतले. १९६४ मध्ये तो संघ पुन्हा फायनल फोरमध्ये गेला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. याच टेक्स विंटर यांनी पुढे १९८५ मध्ये शिकागो बुल्स या व्यावसायिक संघात सहाय्यकपद स्वीकारले आणि मायकेल जॉर्डनच्या त्या संघाच्या सहाही विजेतेपदांत त्यांच्या आक्रमणपद्धतीचा मोठा वाटा राहिला. अनेक वर्षे मुख्य प्रशिक्षक राहिलेल्या माणसाला उतारवयात सहाय्यक होण्यात कमीपणा वाटला नाही. ज्या गुरूकडे गथ्रिज खेळ शिकले, त्याच्या मनात या पदाविषयी असा मोकळेपणा होता, हे त्यांची कारकीर्द पाहताना लक्षात ठेवावेसे वाटते.

१९६७ मध्ये स्मिथ यांनी गथ्रिज यांना चॅपेल हिल येथे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, बोलावले. त्या काळात एनसीएएच्या नियमानुसार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. त्यांचा वेगळा संघ असे आणि तो सांभाळण्याचे काम बहुतेक ठिकाणी सहाय्यकाकडे असे. नवशिक्या सहाय्यकाला संघ उभा करण्याचा, सामन्याच्या मध्यात निर्णय घेण्याचा सराव तेथेच मिळे. १९७२ पासून प्रथम वर्षाच्या खेळाडूंना मुख्य संघाची दारे उघडली आणि ही छोटी शाळा हळूहळू बंद झाली. सहाय्यकाचा वेळ आता जास्त करून भरतीकडे वळला : राज्याराज्यांतील शाळा पालथ्या घालायच्या, गुणी मुले हेरायची, त्यांच्या आईवडिलांशी आणि शाळेतील प्रशिक्षकांशी संबंध जोडायचे आणि शिष्यवृत्तीवर त्यांना आपल्या विद्यापीठात आणायचे.

याच काळात दक्षिणेकडील विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीय खेळाडूंना खुले होऊ लागले होते. गथ्रिज चॅपेल हिलला आले त्याच हंगामात चार्ली स्कॉट मुख्य संघात उतरला. शिष्यवृत्तीवर आलेला त्या विद्यापीठाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. प्रशिक्षकांच्या बाबतीतही कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळाला तो आधी सहाय्यकपदाच्या वाटेने. जॉर्ज रेव्हलिंग १९६९ मध्ये मेरीलंड विद्यापीठात सहाय्यक झाले आणि १९७२ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले. अनेकांना मात्र भरतीच्या पलीकडे जाऊच दिले गेले नाही. मुलांना घेऊन येण्यासाठी ते हवे असत, डाव आखण्यासाठी त्यांना विचारले जात नसे. या अन्यायाची किंमत अनेक गुणी प्रशिक्षकांनी मोजली आहे, आणि सहाय्यकपदाचा इतिहास लिहिताना तो वगळता येणार नाही.

गथ्रिज यांचे स्वतःचे काम सरावाच्या मैदानावर जास्त होते. उंच खेळाडूंना बास्केटजवळ पाय कसे टाकायचे, पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू कसा घ्यायचा आणि रिबाउंडसाठी, म्हणजे बास्केट चुकून परत येणारा चेंडू पकडण्यासाठी, जागा कशी धरायची, हे शिकवणे ही त्यांची खास जबाबदारी होती. बॉबी जोन्स, मिच कपचॅक, सॅम पर्किन्स, ब्रॅड डॉहर्टी, एरिक माँट्रॉस हे त्या संघातून व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेलेले उंच खेळाडू त्यांच्याच हाताखाली तयार झाले. फेकी सुधारणे, उन्हाळी शिबिरे चालवणे, प्रवासाचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने आखणे हेही त्यांच्याकडे असे. वक्तशीरपणाबद्दल त्यांची ख्याती होती.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्मिथ यांच्याकडे अमेरिकी संघ आला तेव्हा गथ्रिज आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाचे जॉन थॉम्प्सन हे त्यांचे सहाय्यक होते. १९७२ मध्ये म्युनिक येथे अखेरच्या तीन सेकंदांच्या वादग्रस्त खेळानंतर अमेरिकेने सोव्हिएत संघाकडून सुवर्णपदक गमावले होते, त्यामुळे या वेळी दडपण मोठे होते. संघात नॉर्थ कॅरोलायनाचे चार खेळाडू घेतल्याबद्दल कुरकूरही झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेने युगोस्लाव्हियाला ९५–७४ असे हरवले.

यानंतर दोन वर्षांनी गथ्रिज यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग घडला. पेन स्टेट विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले आणि त्यांनी ते स्वीकारलेही. नेमणूक जाहीर व्हायची होती, त्या प्रवासातच त्यांचे मन बदलले आणि ते वाटेतून चॅपेल हिलला परतले. चाळिशीत असलेल्या, दोन मोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाने हातात आलेले स्वतंत्र पद सोडले, ही गोष्ट त्या व्यवसायात विरळा होती. मला यात महत्त्वाकांक्षेचा अभाव दिसत नाही. आपल्याला नेमके कोणते काम आवडते हे ज्याला कळले आहे, त्याचाच हा निर्णय आहे.

त्याच वर्षी, १९७८ मध्ये, रॉय विल्यम्स हे शाळेतील प्रशिक्षकाची नोकरी सोडून याच संघात अर्धवेळ सहाय्यक म्हणून आले. त्यांचा वार्षिक पगार २,७०० डॉलर होता. घर चालवण्यासाठी ते संघाची कॅलेंडरे विकत आणि स्मिथ यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या टेप मोटारीने केंद्राकेंद्रावर पोहोचवत. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, कॅन्सस विद्यापीठाने त्यांना थेट मुख्य प्रशिक्षक केले. त्याआधी एडी फोगलर हेही पंधरा वर्षे सहाय्यक राहून १९८६ मध्ये विचिटा स्टेट विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले होते. सहकारी एकेक करून आपापल्या वाटेने गेले, गथ्रिज जागेवर राहिले. १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदे न्यू ऑर्लीन्समध्ये जिंकली गेली तेव्हा ते स्मिथ यांच्या शेजारी होते. १९९१ च्या फायनल फोरमध्ये विल्यम्स यांच्या कॅन्ससविरुद्ध खेळताना शेवटच्या मिनिटात पंचांनी स्मिथ यांना बाहेर काढले, तेव्हा उरलेले क्षण संघ सहाय्यकांच्याच हाती होता.

विल्यम्स यांच्या पगाराचा आकडा वाचून तो केवळ जुन्या दिवसांचा प्रकार होता असे वाटेल, पण तसे नव्हते. खर्च कमी करण्यासाठी एनसीएएने १९९१ मध्ये ‘मर्यादित वेतनाचा प्रशिक्षक’ असा प्रकारच निर्माण केला. प्रत्येक संघातील एका सहाय्यकाला शैक्षणिक वर्षात १२,००० डॉलर आणि उन्हाळ्यात ४,००० डॉलर यांपेक्षा जास्त देता येणार नाही, असे बंधन १९९२ पासून लागू झाले. नवोदितांना संधी मिळेल, असे समर्थन त्यासाठी दिले गेले. प्रत्यक्षात अनुभवी, कुटुंबवत्सल माणसेही त्याच मर्यादेत अडकली. काही सहाय्यकांनी कॅन्ससमधील संघीय न्यायालयात दावा लावला, आणि विद्यापीठांनी संगनमताने पगार बांधून टाकणे हे स्पर्धाविषयक कायद्याचे उल्लंघन आहे, असा निकाल १९९५ मध्ये लागला. १९९८ मध्ये ज्यूरीने ठरवलेली भरपाई कायद्यानुसार तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली, आणि अखेर १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची नावे कोणी छापत नव्हते, त्यांनी देशातील सर्वांत बलाढ्य क्रीडासंघटनेला न्यायालयात हरवले. या पदाच्या इतिहासातील ही माझ्या मते सर्वांत मोठी घटना आहे, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते.

स्मिथ यांनी निवृत्तीसाठी हंगामाच्या तोंडावरची वेळ निवडली. बाहेरचा उमेदवार शोधायला विद्यापीठाला वेळ उरू नये आणि पद गथ्रिज यांच्याकडेच जावे, म्हणून ती निवडली गेली असे अनेकांनी तेव्हा म्हटले होते. पहिल्याच हंगामात गथ्रिज यांच्या संघाने ३४ सामने जिंकले आणि फक्त चार हरले. मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्या वर्षी इतके विजय तोवर कोणी मिळवले नव्हते. ॲन्टॉन जेमिसन आणि विन्स कार्टर त्या संघात होते. सहा खेळाडू सुरुवातीच्या पाचांत शोभतील असे असल्याने गथ्रिज यांनी सहाही जणांना आळीपाळीने सुरुवातीला उतरवले, आणि कोणाचा रुसवा राहू दिला नाही. संघ फायनल फोरमध्ये युटा विद्यापीठाकडून ६५–५९ असा हरला. गथ्रिज यांना त्या वर्षीचा नेस्मिथ सर्वोत्तम प्रशिक्षक पुरस्कार मिळाला.

जेमिसन आणि कार्टर व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेल्यावर १९९९ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत वेबर स्टेटसारख्या लहान विद्यापीठाकडून ७६–७४ असा हरला. २००० च्या हंगामात चौदा पराभव झाले आणि चाहत्यांची टीका वाढली. तरीही आठव्या मानांकनावरून त्या संघाने अव्वल मानांकित स्टॅनफर्डला धक्का दिला आणि फायनल फोर गाठली, जिथे फ्लोरिडाने त्याला ७१–५९ असे थांबवले. ३० जून २००० रोजी गथ्रिज निवृत्त झाले. तीन वर्षांत ८० विजय, २८ पराभव आणि दोन वेळा फायनल फोर, ही कामगिरी बहुतेक प्रशिक्षकांनी आयुष्यभर मिरवली असती. खेळाडू, सहाय्यक आणि मुख्य प्रशिक्षक या तिन्ही नात्यांनी ते एकूण १४ वेळा फायनल फोरमध्ये होते.

पुढे जे घडले त्यात या पदाची अस्थिरता पुन्हा दिसली. रॉय विल्यम्स यांनी तेव्हा कॅन्सस सोडण्यास नकार दिला आणि नॉर्थ कॅरोलायनाचेच माजी खेळाडू मॅट डोहर्टी मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनी नोत्र दाम विद्यापीठातील आपले सहाय्यक बरोबर आणले, त्यामुळे फिल फोर्ड आणि डेव्ह हॅनर्स या गथ्रिज यांच्या सहाय्यकांना जागा सोडावी लागली. फोर्ड हे त्या विद्यापीठाचे लाडके खेळाडू आणि १९७६ च्या सुवर्णविजेत्या संघाचे सदस्य होते, तरी त्याने फरक पडला नाही.

अलीकडच्या काळात मोठ्या विद्यापीठांतील सहाय्यकांचे पगार खूप वाढले, त्याबरोबर भरतीचे दडपण आणि पैशाचा मोहही वाढला. सप्टेंबर २०१७ मध्ये संघीय तपासयंत्रणेने लाचखोरीच्या आरोपांवरून चार विद्यापीठांतील चार सहाय्यक प्रशिक्षकांना अटक केली आणि चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. त्यांचे मुख्य प्रशिक्षक त्या खटल्यात आरोपी नव्हते. २०२३ पासून एनसीएएने प्रत्येक संघाला तीन सहाय्यकांखेरीज आणखी दोघांना मैदानावर शिकवण्याची मुभा दिली. या दोघांनी बाहेर फिरून भरती करायची नाही, फक्त प्रशिक्षण द्यायचे, अशी अट त्या वेळी घातली होती. गथ्रिज यांनी आयुष्यभर जे काम प्राधान्याने केले, त्याच्या जवळ जाणारी ही तरतूद आहे.

स्मिथ यांचे ७ फेब्रुवारी २०१५ रोजी निधन झाले आणि त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, १२ मे रोजी, गथ्रिज गेले. २००३ मध्ये अखेर चॅपेल हिलला परतलेले रॉय विल्यम्स २०२१ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा विद्यापीठाने त्यांच्या जागी ह्यूबर्ट डेव्हिस यांना नेमले. डेव्हिस हे स्मिथ आणि गथ्रिज यांच्या हाताखाली खेळलेले, आणि त्याआधीची नऊ वर्षे विल्यम्स यांचे सहाय्यक होते.