सुगंध, स्मृती आणि मेंदू : एका उपेक्षित संवेदनेची पार्श्वभूमी

सुगंधी द्रव्यांशी ठाण्याचा संबंध बराच जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचे वर्णन करताना येथे मिरी होत नाही, पण धूप विपुल मिळतो आणि तो पांढरा नसून तपकिरी असतो, असे नमूद केले आहे. (हा धूप इथे पिकत नसून अरबस्तानातून येत असावा, हे तर्काला अधिक धरून आहे.) अशा द्रव्यांचे मिश्रण करण्याचे शास्त्र त्याच्याही आधीचे असून, वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. गंगाधराचा ‘गंधसार’ हा सुगंधशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी उजेडात आणला आणि त्याच्यासोबतच्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर चक्क मराठी टीका आहे. या परंपरेने गंधाचा मनाशी असलेला संबंध गृहीतच धरला होता. तो कसा घडतो, हा तिचा प्रश्न नव्हता.

युरोपात हा प्रश्न विचारला गेला, पण आरंभीच एका चुकीच्या निष्कर्षात अडकला. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी 1870 च्या दशकात, माणसाचा घ्राणकंद (नाकाकडून येणारे वासाचे संदेश प्रथम घेणारा मेंदूचा भाग) मेंदूच्या एकूण आकाराच्या मानाने लहान असल्याचे पाहून, गंधावर फारसे अवलंबून नसलेल्या प्राण्यांत त्याची गणना केली. हे वर्गीकरण आकारावरून केलेले होते, वास ओळखण्याच्या चाचण्यांवरून नव्हे, हे मेंदूशास्त्रज्ञ जॉन मॅकगॅन यांनी 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. तोवर शतकाहून अधिक काळ घ्राणेंद्रिय दुय्यम मानले गेले होते.

वास ओळखण्याची यंत्रणा मात्र 1991 पासूनच उलगडू लागली होती. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी गंधग्राहक प्रथिनांचा जनुकसमूह शोधला, ज्यासाठी त्यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे 400 जनुके कार्यरत असतात. इतर संवेदनांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रात पोहोचतात. गंधाचा संदेश मात्र तो टप्पा न घेता घ्राणकंदातून भावनांशी निगडित अमिग्डालाकडे आणि स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसलगतच्या भागांकडे जातो. वासाने जागी झालेली आठवण इतकी भावनिक का असते, याचे उत्तर बहुधा या रचनेत आहे.

स्वीडनमधील विलांडर आणि लार्सन यांच्या 2006 च्या अभ्यासात, वृद्धांना शब्दांमुळे आठवलेले प्रसंग मुख्यतः 11 ते 20 या वयातले होते, तर वासामुळे आठवलेले बहुतेक प्रसंग पहिल्या दहा वर्षांतले होते. अभ्यंगस्नानाच्या उटण्याचा वास साठीतल्या ठाणेकरालाही थेट लहानपणीच्या घरात नेतो, हे या निष्कर्षाशी जुळणारे आहे.

घोडबंदर रोडवरील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ‘अरोमाथेरपी’च्या तेलांचा उगम मात्र वेगळा आहे. हे नाव फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गॅटफोसे यांनी 1937 च्या ग्रंथातून रूढ केले. अमुक तेल सर्वांनाच शांत करते, हा विक्रेत्यांचा दावा या इतिहासात सर्वांत कच्चा म्हणावा लागेल, कारण गंधाचा परिणाम बव्हंशी त्याच्याशी जोडल्या गेलेल्या अनुभवावर ठरतो. लवंगेतील युजेनॉल दातांच्या उपचारांतही वापरतात. दंतवैद्याची धास्ती असलेल्यांमध्ये त्याच्या वासाने भीतीच्या शारीरिक खुणा उमटतात, इतरांमध्ये नाही, असे फ्रान्समधील संशोधकांनी 1998 मध्ये नोंदवले. वाशीच्या मसाला मार्केटमधील व्यापाऱ्याला हाच वास केवळ मालाचा दर्जा सांगतो.

वैद्यकीय चाचण्यांनाही ही अडचण चुकलेली नाही. पार्किन्सन आणि अल्झायमर या आजारांत घ्राणशक्ती लवकर मंदावते, म्हणून ती मोजणे उपयुक्त ठरते. परंतु अमेरिकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 40 वासांच्या प्रचलित चाचणीत ‘पम्पकिन पाय’ हा भोपळ्याचा गोड पदार्थ आणि ‘रूट बिअर’ हे अमेरिकी शीतपेय यांचे वास आहेत. ठाण्यातल्या आजोबांना ते ओळखता आले नाहीत, तर तेवढ्यावरून त्यांच्या मेंदूविषयी काहीच अनुमान काढता येत नाही.